लेकीच्या बाळंतपणाला बोटीनं

अंदमानहून परतून दोन महिने होत आले, तरी आदिलाबादेत मला अजून रस्त्यात थांबवतात. भाजीवाली विचारते, शाळेतल्या शिपाईबाई विचारतात, कापूस बाजाराच्या नाक्यावरचा पानवाला त्याच्या उर्दू वळणाच्या हिंदीत विचारतो. सगळ्यांचा प्रश्न एकच, "बाई, समुद्र कसा असते?" मी "छान असतो" म्हणते आणि पुढे सरकते. घरी आल्यावर मात्र चुटपुट लागते. आमच्या ओळखीपाळखीत बोटीत बसलेलं दुसरं कोणी नाही. उद्या कोणी निघालंच, तर त्याला माझ्या त्या "छान"चा काही उपयोग होणार नाही. म्हणून जे घडलं ते, माझ्या चुकीसकट, लिहून ठेवते.

मी इथल्या मराठी माध्यमाच्या शाळेत शिकवते. यजमान मंडळ कार्यालयात, म्हणजे तहसिलीत, कारकून आहेत. सासूबाई तामसीकडच्या एका खेड्यातल्या. सारा जन्म दुसऱ्याच्या वावरात कापूस वेचण्यात आणि ज्वारी खुडण्यात गेला. मुलगा नोकरीला लागल्यावर इथे आल्या. घरात सगळे त्यांना माय म्हणतात, म्हणून मीही माय म्हणते, आणि अगंतुगं करते. माझी एकुलती नणंद रमा लग्न होऊन पोर्ट ब्लेअरला गेली. जावई तिथे वनखात्यात आहेत.

रमाचं पहिलं बाळंतपण. आपल्याकडे ते माहेरी होतं, त्यात विचारायचं काही नसतं. सातव्या महिन्यात ती येणार होती. मायनं डिंक, खारीक, खोबरं जमवून ठेवलं होतं, जुन्या मऊ लुगड्यांची दुपटी शिवली होती. अन् रमाचं पत्र आलं. डॉक्टरांनी बोटीचा प्रवास करू नका म्हणून बजावलं होतं, आणि विमान आमच्या कोणाच्याच आवाक्यातलं नव्हतं. मी पत्र वाचून दाखवलं. माय जात्याजवळ बसली होती. मग म्हणाली, "ते येऊ शकत नाही तं आपण जाऊ. माहेर काय भिताडाले म्हणते का?"

दिवाळी झाली होती. वेचणीचे दिवस होते, कापसाच्या गाड्या रात्रंदिवस बाजारात येत होत्या. मी शाळेतून रजा मिळवली. यजमानांनी आम्हाला मद्रासपर्यंत पोचवून बोटीत बसवून द्यायचं ठरलं. चंद्रपूरमार्गे बल्लारशा, तिथून मद्रासची गाडी. त्या प्रवासाबद्दल सांगण्यासारखं काही नाही.

निघण्याआधी मी मनाशी एक गोष्ट पक्की केली होती. काहीही झालं तरी कुरकुर करायची नाही. हे मला नवं नव्हतं. आमच्या शाळेच्या व्हरांड्यात "नेहमी हसतमुख राहा" असं मी स्वतः रंगवलेलं आहे. आणि त्याच्याही मागे माझे वडील आहेत. आमच्या घराण्यातले ते पहिले शिकलेले. ते सांगायचे, "चारचौघांत तोंड वाकडं करायचं नाही. आपण तक्रार केली की लोक म्हणतात, यांना कितीही द्या, पुरतच नाही." ती शिकवण माझ्या अंगात इतकी मुरली होती, की एरवी चपलेत खडा गेला तरी मी घरी येईपर्यंत चालत राहते.

मद्रास

मद्रासला पोचलो त्याच दिवशी कळलं की बोट सुटणार नाही. उपसागरात वादळ घोंघावत होतं. कचेरीच्या खिडकीबाहेर फळ्यावर खडूनं लिहिलं होतं, त्याचा अर्थ एका माणसानं सांगितला, "उद्या या." दुसऱ्या दिवशी फळ्यावर तेच. तिसऱ्या दिवशी फळा पुसलेला होता, त्यामुळे जरा आशा वाटली. दुपारी पुन्हा तेच लिहिलं गेलं.

बंदराजवळच्या गल्लीत आम्ही एक खोली घेतली होती. तिला खिडकी होती, पण ती शेजारच्या हॉटेलच्या भटारखान्यावर उघडायची, आणि सकाळ-संध्याकाळ सांबाराची वाफ थेट आमच्या अंथरुणावर येऊन बसायची. तिन्ही वेळेला भात. मायनं पहिल्या दिवशी कौतुकानं खाल्ला, दुसऱ्या दिवशी मुकाट्यानं, आणि तिसऱ्या दिवशी केळीच्या पानाकडे बघून म्हणाली, "आमच्याकडं इतका भात तेराव्यालेच शिजते." तिनं बरोबर ज्वारीचं पीठ आणलं होतं, पण ते रमासाठी. त्याला हात लावू देईना.

चौथ्या दिवशी यजमानांची रजा संपली. कचेरीत जमाबंदी लागली होती, म्हणजे साऱ्या महसुलाची वार्षिक तपासणी, तेव्हा थांबणं शक्यच नव्हतं. ते जड पायानं परत गेले. जाताना माझ्या कानाशी म्हणाले, "मायकडे लक्ष ठेव. ती दुखलं-खुपलं तर सांगते, त्याची काळजी नाही. तू सांगत नाहीस." मी हसले. त्यांच्या बोलण्यातला अर्थ मला पुढं दोन दिवसांनी कळायचा होता.

त्याच सकाळी खिडकीपाशी एक प्रसंग झाला. फळ्यावर पुन्हा "उद्या" पाहून माय थेट खिडकीशी गेली आणि आतल्या कारकुनाला मराठीतच म्हणाली, "काऊन जी, चार दिसांपासून येऊन राह्यलो आमी. माह्या लेकीचे दिवस भरले. बोट नाही जात तं नाही म्हणून सांगा, रोज उद्या-उद्या काऊन करता?" कारकुनाला एक अक्षर कळलं नाही. रांगेतले लोक बघायला लागले. माझे कान तापले. मी तिचा दंड धरून तिला बाहेर आणलं, चिंचेच्या झाडाखाली बसवलं आणि शाळेतल्या पोरींना समजावते तसं समजावलं. वादळ काय त्या माणसानं आणलं? चिडून बोट लवकर सुटते का? त्यापेक्षा चांगलं काय आहे ते बघावं. आयुष्यात पहिल्यांदा आपण समुद्र पाहिला. खोली कोरडी आहे. दोघी धडधाकट आहोत. "माय, प्रवासात सगळं गोड मानून घ्यायचं," मी म्हणाले. "तुझ्या तोंडून आता वाईट शब्द नको."

माय माझ्याकडे पाहत राहिली. मग पदरानं तोंड पुसून म्हणाली, "बरं."

तिला पटलं असं मला वाटलं. मी मनातून खूशही झाले.

पहिला दिवस

पाचव्या दिवशी बोट सुटली. आम्हाला बंक वर्गाची तिकिटं होती. पाण्याच्या पातळीखाली एक भलं मोठं दालन, त्यात लोखंडी पलंगांच्या दुमजली रांगा, शंभरावर माणसं, त्यांच्या ट्रंका, पोती, स्टोव्ह, एका पिंजऱ्यात पोपटसुद्धा. तेलाचा आणि ओल्या कपड्यांचा वास. मायला खालचा पलंग मिळाला, मला वरचा.

शेजारच्या पलंगावर अप्पलम्मा नावाची बाई होती. श्रीकाकुळमकडची, नवरा अंदमानात मासेमारी करतो. वय माझ्याच एवढं, पण अंगानं दणकट. तिनं विचारलं, "मीदे ऊरु?" म्हणजे तुमचं गाव कोणतं. मायला बाजारापुरती तेलुगू येते. तिनं आदिलाबाद सांगितलं. अप्पलम्माला ते कुठे आहे ठाऊक नव्हतं. माय ठसक्यात म्हणाली की आम्हीही तुमच्या आंध्रचेच. त्यावर अप्पलम्मा खो-खो हसली. आमच्या तेलुगूत उर्दू आणि मराठी इतकी मिसळलेली, की तिला ती तेलुगू वाटलीच नाही. पण तेवढ्यानं ओळख झाली. एकाच राज्यातल्या दोन टोकांच्या बायका, एकमेकींची भाषा निम्मी समजणाऱ्या, त्या दालनात लगेच जवळच्या झाल्या.

बोट बंदराबाहेर निघाली तेव्हा मी मायला वर डेकवर नेलं. तो लोखंडी जिना फार उभा होता. कठड्याला धरून तिनं समुद्र पाहिला. किनारा हळूहळू बारीक रेघ झाला आणि मग तीही गेली. माय म्हणाली, "एवढं मोठं वावर, अन् धुरा नाही कुठं." धुरा म्हणजे बांध. मी माझ्या वहीत ते वाक्य उतरवून घेतलं, शाळेतल्या मुलींना सांगायला.

संध्याकाळपासून बोट हलायला लागली. वादळ सरलं तरी समुद्र शांत झाला नव्हता. दालन एका बाजूनं उचललं जायचं, क्षणभर थांबायचं, आणि मग पोटातलं सगळं वर सोडून खाली जायचं. एकेक करून सगळे आडवे झाले. मीही दोनदा ओकले, आणि तोंड धुऊन आल्यावर मायला म्हणाले, "बरं झालं, पोट साफ झालं." जेवणाची कुपनं घेऊन वर जावं लागे. भात, पातळ डाळ, उकडलेली अंडी. मी म्हणाले, "आयतं मिळतंय." न्हाणीघर पलीकडच्या टोकाला, एक उंबरठा ओलांडून पाच पायऱ्या चढून, आणि नळाला पाणी ठरलेल्या वेळीच. मी म्हणाले, "तेवढंच चालणं होतं."

मायनं प्रत्येक वेळी मान हलवली.

दुसरा दिवस

सकाळी माय तोंडावरून पदर घेऊन पडली होती. चहा नको म्हणाली. "बरं वाटत नाही का?" विचारलं तर, "बरी हाय." दुपारचा डबा आणू का, तर "भूक नाही. तू जा वरतं." तिला झोप हवी असेल असं समजून मी वर गेले.

वर फार सुंदर होतं, ते खोटं कसं सांगू. पाण्याचा रंग आपल्याकडे कशालाच नाही, शाईच्या दौतीत ऊन पडावं तसा. मध्येच पाण्यातून चिमण्यांचा थवा उठावा तसे मासे उडत होते, चांदीसारखे चमकत पन्नास-साठ पावलं जाऊन पुन्हा पाण्यात शिरत होते. मी वही मांडीवर घेऊन लिहीत बसले. मुलींना काय सांगायचं, शिपाईबाईंना काय सांगायचं. इतक्या अडचणींतूनही मी मन प्रसन्न ठेवलं याचं मला स्वतःचंच कौतुक वाटत होतं. दोन तास तरी गेले असतील.

जिन्यातून अप्पलम्मा धापा टाकत वर आली. तिनं माझा हात धरून ओढलाच. ती भरभर बोलत होती, त्यातला एकच शब्द मला नीट कळला, "नीळ्ळु." पाणी.

खाली आले तर माय डोळे अर्धवट उघडे ठेवून पडली होती. ओठांवर पांढरे पापुद्रे. हाताची कातडी चिमटीत धरून सोडली, तर तशीच उभी राहिली. मी हाक मारली, तर माझ्याकडे पाहून म्हणाली, "रमा, उठली काऊन तू? पडून राह्य."

पुढचं मला तुकड्यातुकड्यानं आठवतं. चार जणांनी तिला चादरीत घालून त्या उभ्या जिन्यानं वर नेलं. मी मागून नुसती "हळू, हळू" म्हणत होते. बोटीवर छोटा दवाखाना होता, तिथे एक तरुण डॉक्टरीणबाई होत्या, हिंदी बोलणाऱ्या. त्यांनी नाडी पाहिली, डोळ्यांच्या पापण्या ओढून पाहिल्या आणि सलाईन लावलं. मग मला विचारलं, "इन्होंने पानी कब पिया था?"

मला सांगता आलं नाही. मी तिची सून, तिच्या डोक्यावरच्या पलंगावर झोपणारी, आणि मला सांगता आलं नाही. अप्पलम्मानं बोटांनी दाखवलं. काल संध्याकाळपासून नाही.

सलाईनची एक बाटली संपून दुसरी लागली तेव्हा मायनं मला ओळखलं. डॉक्टरीणबाई तिच्याकडे वाकून म्हणाल्या, "माँजी, पानी क्यों नहीं पिया? तकलीफ थी तो बोलना था ना."

माय माझ्याकडे वळली, त्यांना काय सांगायचं ते मला सांगायला लागली. आवाज इतका बारीक होता की मला कान तिच्या तोंडाशी न्यावा लागला. पाणी प्यायलं की न्हाणीघरात जावं लागे. त्या पायऱ्यांवर पहिल्या संध्याकाळी तिचा पाय घसरला होता, गुडघा ठेचला होता. पुन्हा जायचं तिला भ्या वाटत होतं. म्हणून तिनं पाणीच बंद केलं.

"मग मला का नाही सांगितलं, माय?"

"तू म्हणून राह्यली होती ना, सगळं चांगलं हाय म्हणून," माय म्हणाली. तिच्या बोलण्यात राग नव्हता. "तुले सगळं चांगलं दिसून राह्यलं होतं. मंग मी कसं म्हणू का माह्यं चांगलं नाही?"

डॉक्टरीणबाईंनी विचारलं, "क्या बोल रही हैं?" मी बाहेर जाऊन कठड्याशी उभी राहिले. मासे अजूनही उडत होते.

मला एक जुनी गोष्ट आठवली, आमच्या घरात ती नेहमी सांगतात. यजमान लहान असताना एका ऐन उन्हाच्या वेचणीला मालकानं बायांसाठी वावरात पाणी पाठवलं नाही. बाकीच्या जणी खाली मान घालून वेचत राहिल्या. मायनं ओटीतला कापूस तासात, म्हणजे ओळींमधल्या सरीत, ओतला आणि धुऱ्यावर जाऊन बसली. म्हणाली, "घागर येते तवा हात लावतो." घागर आली. सगळ्या जणी पाणी प्यायल्या. बोलून पाणी मिळवणारी ती बाई. आणि मी तिला शंभर माणसांच्या बोटीत, उशाशी सुरईत पाणी भरलेलं असताना, तहानेनं मरणाच्या दारी नेलं होतं, कारण मला तिच्या तोंडून वाईट शब्द नको होता.

वडिलांचाही त्या वेळी मला राग आला. नंतर तो राग ओसरला. त्यांना ज्या लोकांत उभं राहायचं होतं, तिथं तोंड मिटून हसणं हीच त्यांची ढाल होती. पण ती ढाल मी घरच्या माणसापुढे धरली, ही चूक त्यांची नव्हती.

तिसरा दिवस

माय सकाळी उठून बसली. डॉक्टरीणबाईंनी तिला दवाखान्यातच राहू दिलं. मी तिच्या खाटेवर बसले आणि म्हणाले, "माय, आता मला सांग. काय काय वाईट आहे?"

तिनं संशयानं पाहिलं. "काऊन?"

"असंच. सगळं सांग. मी चांगलं काही म्हणणार नाही."

आधी तिला जमेना. मग एक बोट मोडलं. तो जिना. दुसरं, डाळीत मीठ नाही. तिसरं, माझ्या वरच्या पलंगाची चादर तिच्या तोंडावर लोंबते, अन् मी झोपेत पाय आपटते. चौथं, वरच्या कर्ण्यावर तो माणूस इतका बोलतो अन् एक शब्द समजत नाही, बोट बुडून राह्यली असं म्हणत असला तरी आपल्याले काय कळते. पाचवं बोट मोडेपर्यंत मीच हसायला लागले होते. सहाव्यापाशी ती थांबली. "अन् रमाचं काय झालं असंल, ते कळत नाही," ती म्हणाली. मी तिचा हात धरून बसले, बस.

गंमत अशी की एकदा सांगितल्यावर निम्म्या गोष्टींना उपाय निघाला. दवाखान्याला लागून न्हाणीघर होतं, पायरी न चढता जाता येत होतं. डॉक्टरीणबाईंनी ते वापरायची लगेच परवानगी दिली. विचारलंच नव्हतं आम्ही. अप्पलम्मा भटारखान्यात जाऊन पातळ भाताची पेज मीठ घालून घेऊन आली. दुपारी ती आणि माय डेकच्या सावलीत बसल्या, तेव्हा आजूबाजूच्या आणखी बायका येऊन टेकल्या, आणि जिची तिची गाऱ्हाणी सुरू झाली. एका बंगाली आजींना पोपटाचा राग होता. अप्पलम्माला नवऱ्याचा होता. भाषा चार, पण हातवारे करून सगळं कळत होतं. इतकं मनमोकळं हसणं मी त्या प्रवासात आधी ऐकलं नव्हतं. माझ्या हसतमुखपणात ते कुठेच नव्हतं.

ऊन उतरताना मायनं आपणहून पाण्याकडे पाहिलं. मासे उडाले. "अव माय, पाह्य पाह्य!" ती ओरडली, आणि कठड्याला धरून उभी राहिली. मी तिला दाखवले नव्हते.

पोर्ट ब्लेअर

चौथ्या सकाळी बेटं दिसली. गर्द हिरवी, थेट पाण्यात उतरलेली. आमच्याकडे इचोड्याच्या पुढे घाटात सागाचं रान लागतं, तिथंही इतकं हिरवं मी पाहिलं नाही. हॅडोच्या धक्क्यावर जावई उभे होते. दाढी वाढलेली, डोळे तांबारलेले. मायनं दुरूनच त्यांचा चेहरा पाहिला आणि माझं मनगट पकडलं.

ते पाया पडले आणि म्हणाले, "परवा झाली मुलगी. कठीण गेलं, पण दोघी बऱ्या आहेत."

माय तिथंच, धक्क्यावर, आमच्या गाठोड्यावर बसली. परवा. म्हणजे ती सलाईन लावून पडली होती तेव्हा. बोट ठरल्या दिवशी सुटली असती तर ती रमाच्या उशाशी असती. ती पदरात तोंड घालून रडायला लागली.

माझ्या ओठांवर वाक्य तयार होतं. दोघी सुखरूप आहेत, हेच मोठं नाही का. ते खरंही होतं. मी ते गिळलं. तिच्याजवळ खाली बसले. जावई अवघडून उभे राहिले, माणसं सामान घेऊन आमच्या दोन्ही बाजूंनी जात होती. जरा वेळानं मायनं नाक पुसलं आणि म्हणाली, "चला, कुठं हाय माह्यी लेक?"

रमा दवाखान्यात होती. शेजारी स्टुलावर एक साठीची, काळीसावळी, हातांवर गोंदलेली बाई बाळाला घेऊन बसली होती. तिचं नाव एतवारी. मूळची राँचीकडची, जावयांच्या घराशेजारी राहणारी. मायला पाहताच रमाचा चेहरा वेडावाकडा झाला. "काऊन उशीर केला व, माय? किती हाका मारल्या मी तुले."

माय म्हणू शकली असती, वादळ होतं, बोट सुटत नव्हती, मी मरता मरता वाचले. यातलं तिनं काहीच सांगितलं नाही. खाटेवर बसून लेकीचं डोकं मांडीवर घेतलं. "हो व, उशीर झाला," ती म्हणाली. "सांग मले. कसं कसं झालं, सगळं सांग."

रमा सांगत राहिली. वेणा कधी लागल्या, जीप कशी मिळाली नाही, एतवारीनं तिला पाठीशी धरून कसं चालवत आणलं, ती कशी किंचाळली, बाळ कसं लवकर रडलंच नाही. सांगता सांगता रडली, पुन्हा सांगितलं. माय "हो", "मंग?" एवढंच म्हणत होती. तासभर तरी चाललं असेल. शेवटी रमा तिच्या मांडीवरच झोपली. त्या दिवशी मला वाटलं, आदल्या दिवशी मी मायच्या खाटेवर बसून जे केलं, ते मी नव्यानं शोधलं असं मला उगाच वाटत होतं. तिला ते पूर्वीपासून येत होतं.

पाचव्या दिवशी बाळबाळंतीण घरी आल्या. नात झाल्यावर आजीनं तिला न्हाऊ घालायचं, ही आमच्याकडची रीत. मायनं मागल्या दारी पाटावर बसून पाय लांब केले, कोमट पाणी हाताच्या कोपरानं तपासलं, तेल लावलेलं बाळ पायांवर पालथं घेतलं. बाळानं टाहो फोडला. इवल्या मुठी आवळल्या, अंग ताठ केलं, रडून रडून निळं व्हायला लागलं. मायचे हात सराईत होते, तिनं गावातल्या किती लेकरांना न्हाऊ घातलं असेल. पण बाळ थांबेना. मी "नवीन आहे ना, होईल सवय," असं म्हणायला तोंड उघडणार, तोच मायनं मान वर केली. कुंपणापलीकडे एतवारी कपडे वाळत घालत होती.

"ए बाई," मायनं हाक मारली, "इधर आ. तू नहला इसको."

एतवारी दाराशी येऊन थांबली. "नानी का हक है, दीदी."

"हक बाद में देखेंगे," माय म्हणाली. "तेरे हाथ को लगी हुई है वो. मेरे को नहीं पहचानती."

तिनं पाय आखडले, पाट रिकामा केला. एतवारी बसली. बाळ तिच्या पायांवर आलं आणि दोन हुंदके देऊन गप्प झालं. माय शेजारी उकिडवी बसून पाण्याची धार धरायला लागली. एतवारी आपल्या भाषेत, अगदी हळू, काहीतरी गुणगुणत होती.

मायनं मला विचारलं, "काय म्हणून राह्यली ते?"

"मला नाही कळत, माय."

"मलेबी नाही," माय म्हणाली, आणि तांब्या पुन्हा भरून घेतला.